कुर्ल्याची मोटार का थांबली?



मोटारीच्या कारखान्यावर बोलण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. मी मुरबे गावचा. आमच्याकडे होड्या असतात, मोटारींचे कारखाने नसतात. शाळेशी माझा संबंध दहावीपर्यंतच आला. पुढे जे काही शिकलो ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची गाऱ्हाणी लिहून घेताना, कामगार न्यायालयाच्या बाकावर ताटकळत बसताना आणि रात्री वाचनालयातली पुस्तके चाळताना. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नका. एका कारखान्याची हकीकत सांगतो आणि तिच्यातून मला जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

३० ऑक्टोबर २०२३ हा दिवस आपल्याला आठवत असेल. त्या दिवसापासून प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झालेली होती. आपल्या भागातून मुंबईस गेलेल्या माणसाने गाडीतून उतरावे, टपावरच्या कॅरियरवर वळकटी बांधावी आणि पद्मिनीत बसून नातेवाइकांकडे जावे, हा दोन पिढ्यांचा रिवाज होता. वर्तमानपत्रांनी टॅक्सीवर हळहळीचे लेख लिहिले. पण ती मोटार करणारा कारखाना का बुडाला आणि त्याच सुमारास गोत्यात आलेला दुसरा कारखाना कसा तरला, हे फारसे कोणी विचारले नाही. आज आपण तेच विचारू.

आधी जन्मकथा पाहू. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे धाडसी गृहस्थ होते. जहाजे, विमाने आणि मोटारी हे तिन्ही उद्योग या देशात निघाले पाहिजेत, असा त्यांनी ध्यास घेतला. मोटारीसाठी ते अमेरिकेत गेले. फोर्डशी जमले नाही, पण क्रायस्लर कंपनीशी जमले. महायुद्धाच्या काळात परक्या सरकारने या खटपटीला हात दिला नाही. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रारंभी हे जोडकाम होते. भाग परदेशातून यायचे आणि इथे ते जुळवायचे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला.

१९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच या देशात मोटारीचा धंदा करावा. तेव्हा १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स आपला पसारा आवरून १९५४ मध्ये निघून गेली. फोर्डही गेली. प्रीमियर राहिली आणि हळूहळू एकेक भाग देशात बनू लागला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ मध्ये तिचेच नाव पद्मिनी झाले. नाव बदलले, गाडी बहुतांशी तीच राहिली. कुर्ल्याच्या त्या कारखान्याने हजारो संसार उभे केले आणि फिटर, टर्नर, मोल्डर यांच्या पिढ्या घडवल्या, हे ऋण आपण विसरता कामा नये.

आता रोगाकडे वळू. माझे म्हणणे असे की, प्रीमियरला मारणारा रोग मंदीत जडला नाही. तो सुकाळातच जडला होता. परवान्यांच्या त्या काळात मोटारी करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याच्या दारात खरेदीदारांची रांग आहे त्याला नवी मोटार काढण्याची घाई कशाला होईल? उलट किमतीवर सरकारचे नियंत्रण होते, त्यामुळे नव्या यंत्रसामग्रीसाठी पैसा कमी उरतो, असे मालक म्हणत. त्यात तथ्यही होते. पण दोष एकट्या मालकाचा किंवा सरकारचा नव्हे. आम्ही कामगार-संघटनावाले त्या वर्षांत काय करत होतो? पगार, महागाई भत्ता आणि बोनस यांसाठी लढत होतो, आणि ते आवश्यकच होते. परंतु एकाच कारखान्यात एकाहून अधिक संघटना होत्या. इन्सेन्टिव्हच्या एका करारावरून प्रीमियरमध्ये असा वाद पेटला की तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा १९७५ चा निकाल कामगार कायद्याच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो. मात्र पुढच्या दहा वर्षांत हा कारखाना कोणती गाडी काढणार, हा प्रश्न मागण्यांच्या यादीत घालण्याची चाल आमच्या चळवळीत नव्हती. तो मालकाचा प्रश्न आहे, असे आम्ही समजत होतो. ती आमची चूक होती.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. हलकी, पेट्रोल कमी खाणारी आणि किमतीला परवडणारी अशी ती गाडी होती. दोन-तीन वर्षांतच बाजाराचा कल फिरला. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई ही गाडी आणली, पण तिचा सांगाडाही फियाटच्या जुन्याच गाडीचा होता. पद्मिनीला मोठा आधार उरला तो टॅक्सीवाल्यांचा. १९९१ मध्ये अर्थधोरण बदलले आणि १९९३ मध्ये मोटारधंद्यावरचा परवान्याचा बांध फुटला. त्या वेळी प्रीमियरने पुनर्रचना केली नाही असे नव्हे. केली, पण कशी ते पाहा. कल्याण-डोंबिवलीकडच्या कारखान्यात फ्रान्सच्या पूजो कंपनीबरोबर एक भागीदारी आणि कुर्ल्याला फियाटबरोबर दुसरी, अशा दोन परक्या पाहुण्यांना एकाच वेळी घरात घेतले. इकडे पूजो ३०९, तिकडे फियाट उनो. भांडवल तुटपुंजे, आणि तेही दोन ठिकाणी वाटलेले. कामगारांशी तंटे झाले, भागीदारांत बेबनाव झाला. १९९७ मध्ये पूजो निघून गेली. कुर्ल्यात फियाटचा वरचष्मा झाला आणि पुढे फियाटनेही आपले काम पुण्याजवळ रांजणगावला नेले. नव्या शतकाच्या आरंभी पद्मिनी बंद झाली. आज कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव आहे, डोंबिवलीत प्रीमियर मैदान आहे. मोटार मात्र नाही.

आता दुसरे उदाहरण. पुण्या-जमशेदपूरची टेल्को, म्हणजे २००३ पासूनची टाटा मोटर्स. १९९८ च्या अखेरीस तिने इंडिका काढली. त्या गाडीपायी मोठे भांडवल गुंतले होते. एवढ्यात मालमोटारींची मागणी कोसळली. मालमोटार हा धंदा असा आहे की, देशात माल कमी हलू लागला की वाहतूकदार पहिली गोष्ट करतो ती म्हणजे नवा ट्रक घेणे पुढे ढकलतो. २००० ते २००१ या वर्षात टेल्कोला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. हिंदुस्थानातल्या खासगी धंद्यात तोवर एवढा तोटा कोणाला झाल्याचे ऐकिवात नव्हते. तरीही २००२ ते २००३ या वर्षात ती कंपनी ३०० कोटी नफ्यात आली.

हे कसे घडले? त्यासाठी तोट्याचे गणित समजून घेतले पाहिजे. ते अवघड नाही. समजा, एका कारखान्याचा महिन्याचा बांधील खर्च एक कोटी आहे. व्याज, यंत्रांची झीज, वीज, कायम पगार हे सारे त्यात आले. हा खर्च एक गाडी विकली तरी तेवढाच आणि हजार विकल्या तरी तेवढाच. समजा, प्रत्येक गाडीमागे कच्चा माल वजा जाता वीस हजार सुटतात. मग पाचशे गाड्या विकल्या तर तोंडमिळवणी होते. मंदीत चारशेच विकल्या गेल्या तर वीस लाखांची खोट. मालक म्हणतो, वीस लाखांचे पगार कमी करा. केले. पुढच्या महिन्यात साडेतीनशेच गाड्या गेल्या. पुन्हा दहा लाखांची खोट. पुन्हा माणसे कमी. अशा रीतीने कपात विक्रीच्या मागे धावत राहते आणि तिला कधीच गाठत नाही. उलट अनुभवी कारागीर गेले की गाडीचा दर्जा उतरतो आणि गिऱ्हाईक आणखी दूर जाते. ही साखळी तोडायची तर दोनच वाटा आहेत : एका गाडीमागे सुटणारी रक्कम वाढवायची, किंवा लोकांना हवी अशी नवी गाडी आणायची.

टेल्कोने या दोन्ही वाटा धरल्या. इंडिकाविषयी गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या. त्या ऐकून घेऊन २००१ मध्ये सुधारलेली इंडिका आणली. सुट्या भागांची खरेदी, साठा आणि व्याज यांतला पैसा वाचवला. काटकसरीची दृष्टी तिला आधीपासूनच होती. इंडिकासाठी ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद कारखान्याची यंत्रे उचलून तिने पुण्याला आणली होती. आणि चटके बसत असतानाच पुढच्या गाडीचे काम चालू ठेवले. २००५ मध्ये आलेला एस हा छोटा टेम्पो त्यातूनच निघाला. आपल्या बोईसरच्या बाजारात आणि सातपाटीच्या बंदरावर मासळीच्या पेट्या वाहणारा तो छोटा हत्ती हाच. पण मी इथे कोणाचे स्तुतिपाठक म्हणून उभा नाही. त्या काळात टेल्कोतही स्वेच्छानिवृत्तीच्या योजना निघाल्या आणि हजारो माणसे घरी गेली. स्वेच्छा या शब्दात इच्छा किती आणि नाइलाज किती, हे ज्याने त्या कागदावर सही केली त्याला विचारावे. तरीपण एवढे कबूल केले पाहिजे की, तिथे माणसे कमी करणे हाच सगळा उपाय नव्हता. प्रीमियरपाशी मंदीतून पलीकडे नेणारी स्वतःची गाडी नव्हती, टेल्कोपाशी होती.

आता थोडे परदेशात डोकावू. ज्या क्रायस्लरने वालचंदांना हात दिला, तीच क्रायस्लर १९७९ मध्ये दिवाळखोरीच्या दाराशी आली. अमेरिकी सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली, पण अट घातली की, बँका, पुरवठादार, विक्रेते आणि कामगार या सर्वांनी आपापला वाटा सोडावा. प्रमुख आयाकोका यांनी स्वतःचा पगार वर्षाला एक डॉलर केला. कामगारांनी पगारातली वाढ सोडली. आणि त्या बदल्यात काय मिळाले? १९८० मध्ये मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. १९८३ मध्ये हमीची कर्जे मुदतीच्या सात वर्षे आधी फिटली. असंख्य कामगारांची नोकरी त्यातही गेली, हे मी लपवत नाही. परंतु ज्याने त्याग केला त्याला हिशेब पाहण्याचा अधिकार मिळाला, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. १९९३ च्या मंदीत फोक्सवागनकडे तीस हजार माणसे जादा ठरत होती. संघटना आणि कंपनी यांनी एकत्र बसून आठवड्याचे काम २८.८ तासांवर आणले, म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा आठवडा. पगार कमी झाला, पण नोकरी कोणाची गेली नाही. सगळ्यांनी थोडे थोडे सोसले.

घराजवळचे तिसरे उदाहरण तळेगावचे. १९५४ मध्ये गेलेली जनरल मोटर्स पुन्हा हिंदुस्थानात आली आणि २००८ मध्ये तिने तळेगावला कारखाना सुरू केला. गाड्या खपेनात. २०१७ अखेर तिने देशातली विक्री थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही बंद केले. हजारावर कायम कामगार रस्त्यावर आले. २०२३ मध्ये ह्युंदाईशी त्या कारखान्याचा सौदा झाला आणि नवी गाडी आता तिथे बनतेही. यंत्राला, जमिनीला, इमारतीला नवा धनी मिळाला. ज्या माणसांनी तो कारखाना चालवला, ती मात्र सौद्याच्या मालात धरली गेली नाहीत.

कायदा काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने कपात केलेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई ठरवली. म्हणजे वीस वर्षे घाम गाळलेल्या माणसाला तीनशे दिवसांचा पगार. १९७६ मध्ये मोठ्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी बंधनकारक झाली. प्रथम तीनशे कामगारांची मर्यादा होती, ती पुढे शंभरावर आली. आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली. तिच्यात काढलेल्या कामगाराच्या नव्या शिक्षणासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतका निधी ठेवण्याचे कलम आहे. पण पंधरा दिवसांच्या पगारात चाळीस वर्षांचा मोल्डर कोणता नवा धंदा शिकणार, ते मला कोणी समजावून सांगावे.

इथे मला स्वतःविषयी बोलले पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यापुरतेच राहील. २००८ च्या अखेरची मंदी. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आमची संघटना होती. नाव सांगत नाही. मालकाने मला बोलावले आणि म्हणाला, ‘ऑर्डरी निम्म्यावर आल्या आहेत. सगळेच आठवड्यातून चार दिवस काम करू, पगार त्या प्रमाणात घेऊ, मीही घेतो. पाहिजे तर हिशेबाच्या वह्या पाहा.’ मला त्यात डाव दिसला. वह्या वाचता येत नाहीत हे कबूल करण्याची लाजही वाटली. मी गेटवर जोरदार भाषण केले, टाळ्या मिळवल्या आणि प्रस्ताव धुडकावला. आठवड्याभरात चाळीस कंत्राटी पोरे बंद झाली. ती आमची सभासद नव्हती, म्हणून आम्ही ब्रही काढला नाही. कायम कामगारांना वाटले, आपण वाचलो. सहा महिन्यांनी स्वेच्छानिवृत्तीची नोटीस त्यांच्याही हातात पडली, आणि कमी पगारावर काम करायला तीच कंत्राटी पोरे गेटबाहेर उभी होती. त्यांच्यातला एक आमच्या शेजारच्या पाड्यावरचा. तो मला बोईसर स्टेशनवर भेटला आणि म्हणाला, ‘दादा, तुमच्या यादीत आमचं नावच नव्हतं.’ तो रागाने बोलला असता तर बरे झाले असते. त्यानंतर मी ताळेबंद वाचायला शिकलो. वयाच्या चाळिशीत, एका निवृत्त बँक कारकुनापुढे वही घेऊन बसून.

आता मुरब्याची एक गोष्ट सांगतो. खोल दर्यात वादळ गाठते तेव्हा तांडेल काय करतो? होडी हलकी करतो. आधी बर्फ फेकतो, मग धरलेली मासळी फेकतो आणि वेळ आली तर लाखमोलाचे जाळेही कापून देतो. खलाशाला कोणी पाण्यात लोटत नाही. त्यात भूतदया असतेच, पण व्यवहारही असतो. वादळ सरल्यावर होडी वल्हवून किनाऱ्याला कोण आणणार? कारखान्याच्या पुनर्रचनेतही हाच क्रम असावा, असे माझे मत आहे. आधी नफ्याचे वाटप थांबावे, वरच्यांचे पगार उतरावेत, पडून राहिलेला साठा आणि बिनकामाच्या मालमत्ता विकाव्यात. मग बँकांनी व्याजात आणि मुदतीत सवलत द्यावी. मग कामाचे तास सर्वांनी वाटून घ्यावेत, कायम आणि कंत्राटी असा भेद न करता. एवढे करूनही भागले नाही, तर माणसाला हात लावावा. आणि तोही पुरती भरपाई देऊन आणि दिवस पालटल्यावर त्याला पहिल्याने परत बोलावण्याचे वचन देऊन. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा चालतो.

कोणी म्हणेल, हा सारा जुना इतिहास झाला. तसे नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांत पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, इंधनाचा पंप नाही. हे भाग घडवणारी छोटी वर्कशॉपे वसईपासून पुण्यापर्यंत पसरली आहेत आणि त्यांत आपलीच मुले राबत आहेत. त्यांच्यावरचे वादळ मंदीची वाट पाहणार नाही. म्हणून प्रत्येक संघटनेने आजच, ऑर्डरी भरपूर असताना, मालकाला विचारले पाहिजे : दहा वर्षांनी या यंत्रावर काय बनणार? त्यासाठी आम्हाला काय शिकवणार? वह्या केव्हा दाखवणार? आणि मालकांनीही हे ओळखावे की, सुकाळात ज्याला हिशेब दाखवला नाही तो दुष्काळात आपल्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

पावसाळ्यात दोन महिने आमच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत कमाई नसते, पण कामही थांबत नाही. जाळी विणली जातात, फळ्यांच्या फटी भरल्या जातात, इंजिन खोलून साफ होते. नारळी पौर्णिमेला ज्याची होडी तयार नाही त्याचा हंगाम बुडाला. कुर्ल्याच्या कारखान्याने आपले दुरुस्तीचे दिवस रांगेतल्या गिऱ्हाइकांकडे पाहण्यात घालवले, आणि आम्ही संघटनावाल्यांनी बोनसचे आकडे मोजण्यात. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या वस्त्या आजही कुर्ल्यात, कल्याणात, डोंबिवलीत आहेत. पुढच्या वेळी ती बोईसरात मोजावी लागू नये, एवढ्याचसाठी आपला हा एक तास घेतला.